क्लेमच्या इंजिनाचा रंग

१

क्लेम नॉस्केचं इंजिन शनिवारी सकाळी काचेच्या कपाटात उघडंनागडं सापडलं. कपाटावरची चादर मीच ओढली, त्यामुळे पहिला धक्का मला बसला. हातातली चहाची किटली मी तशीच खुर्चीवर टेकवली. त्या गादीवरचा डाग अजून गेलेला नाही.

ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या आमच्या पीटरबरोत पूर्वी घरटी एक माणूस रेल्वेत असायचा. आता गाड्या न थांबता निघून जातात, पण ज्यांनी त्या चालवल्या त्यातले काही म्हातारे अजून आहेत. दर शनिवारी ते जुन्या शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि लाकडी फळ्यांवर मांडलेल्या रुळांवरून छोट्या गाड्या पळवतात. मी जन्मभर पाव भाजले. मला इंजिनातलं फारसं कळत नाही, म्हणून मंडळाचा चहा, पेस्टी म्हणजे सारण भरलेल्या खाऱ्या करंज्या, आणि किल्ल्या माझ्याकडे.

क्लेमचं इंजिन म्हणजे आमच्या मंडळाचा मानबिंदू. तरुणपणी तो ज्या नॅरोगेज इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होता, त्याची ही दीड वीत लांबीची प्रतिकृती. पितळेचा पत्रा कापून, एकेक रिव्हेट ठोकून, कित्येक हिवाळे खपून त्याने ती घरामागच्या शेडमध्ये बनवली आणि स्वतःच काळीभोर रंगवली. पुढे मंडळाला देऊन टाकली. जूनमधल्या प्रदर्शनात त्याचा सत्कार ठरला होता, आणि सत्काराच्या वेळी तेच इंजिन धावणार होतं.

आता तेच इंजिन कपाटात होतं, पण अंगावर रंगाचा कपटा नव्हता. नुसतं पिवळंजर्द पितळ.

"चोरी," डेस पेंगिली म्हणाला. डेस आमचा अध्यक्ष. निवृत्त स्टेशनमास्तर, त्यामुळे साधं बोलणंही फलाटावरच्या घोषणेसारखं.

"चोरी कसली? इंजिन इथेच आहे," रोवेना ट्रेझाइज म्हणाली.

"रंगाची चोरी."

रोवेनाचं मोटारींना रंग मारायचं गॅरेज आहे. पंचेचाळिशीची बाई, मंडळातला सगळ्यात चांगला रंगारी. तिच्या बोलण्याला मात्र रंगरंगोटी अजिबात नाही, आणि त्यामुळे तिचं अर्ध्या मंडळाशी वाकडं.

नाताळनंतर उन्हाळाभर हॉलचं छत दुरुस्तीला काढलं होतं. कपाटं झाकलेली होती, चादरीखाली कोणी डोकावलंच नव्हतं. म्हणजे इंजिन कधी गेलं आणि कधी परत आलं, हे कोणालाच सांगता येईना. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे. डेस, रोवेना, मी आणि खुद्द क्लेम.

"क्लेमला काय सांगायचं?" मी विचारलं.

 डेसने रोवेनाकडे बघितलं, आणि मग बघतच राहिला.

२

पोलिसांना बोलवावं असं डेसचं मत पडलं. आमचा हवालदार चांगला माणूस आहे, पण रंग हरवल्याची तक्रार तो हसल्याशिवाय लिहून घेईल असं मला वाटेना. मी थियाबाईंना बोलावून आणलं.

थिया लिंडनर यांचं मुख्य रस्त्यावर औषधांचं दुकान होतं. कोणाचा खोकला साधा, कोणाचा बाटलीतला, कोण कोणासाठी गोळ्या नेतो, सगळं त्यांना ठाऊक आणि सगळं त्यांच्या पोटात. गावातल्या भानगडी त्यांनी आजवर अशाच सोडवल्या, गाजावाजा न करता.

त्यांनी आधी इंजिन नाकाशी धरलं.

"पाइनचा वास येतोय. फरशी पुसायच्या औषधाचा. ब्रेक ऑइल नाही, रंगाच्या दुकानातलं जळजळीत औषधही नाही. यात बुडवून ठेवलं तर रंग सावकाश सुटतो, दिवसच्या दिवस लागतात, पण पितळेला धक्का लागत नाही. कोणी सूड म्हणून केलं असतं तर इतकी वाट बघितली नसती."

"म्हणजे?" डेसने विचारलं.

"म्हणजे ज्याने कोणी हे केलं, त्याचा या इंजिनावर जीव आहे."

मग त्या भिंग घेऊन खिडकीशी बसल्या. रिव्हेटच्या रांगा, कोपरे, पाइपांच्या मागचे बोळ, जिथे ब्रशचा केससुद्धा शिरत नाही, तिथे सगळं नव्या भांड्यासारखं लख्ख होतं. पण ड्रायव्हरच्या केबिनची बाजू, जी म्हणजे अगदी सपाट गुळगुळीत पत्रा, तिच्यावर काळसर धुरकट पापुद्रा राहिला होता. तळहाताच्या एका फटक्यात पुसला जाईल असा.

"अवघड तेवढं केलं आणि सोपं तेवढं टाकलं," मी म्हणालो.

"हं," थियाबाई म्हणाल्या. त्यांनी इंजिन उलटं केलं. "डेस, याचा जुना फोटो असेल?"

डेसकडे फोटो नसेल अशी वस्तू गावात नाही. त्याने फोनवर काढून दिला. इंजिनाचं अंग खालच्या सांगाड्याला दोन लांब स्क्रूंनी जोडलेलं असतं. फोटोत पुढचा स्क्रू काळ्या पोलादाचा होता आणि मागचा पितळेचा. आता पितळेचा पुढे होता आणि काळा मागे.

"घाईत अदलाबदल झाली असेल," डेस म्हणाला.

"ज्याने दिवसच्या दिवस वाट बघितली त्याला शेवटी कसली घाई?" एवढं बोलून त्यांनी इंजिन रुमालात गुंडाळलं आणि रोवेनाकडे वळल्या. "नाताळच्या जेवणात तू या इंजिनाबद्दल काय म्हणाली होतीस?"

रोवेनाने आढेवेढे घेतले नाहीत. "म्हणाले की रंग जॅमसारखा थापलाय. एवढे कष्ट करून ठोकलेले रिव्हेट, आणि त्यावर जाड लेप. दिसतच नाहीत."

"क्लेमच्या समोर?"

"तो पलीकडच्या टेबलावर होता. ऐकलं असेल." ती जरा थांबली. "खरं होतं ते. पण तुमच्या सगळ्यांच्या मनात काय आहे ते मला कळतंय. मी केलं असतं ना, तर रंगवून ठेवलं असतं. अर्धवट काम मी गिऱ्हाइकाला देत नाही, आणि क्लेमला तर मुळीच नाही."

"पश्चात्ताप झाला असेल मध्येच," डेस म्हणाला.

"तुला होतो का कधी?"

थियाबाईंनी हात वर केला. "क्लेम कधी येतोय?"

"बुधवारी," मी म्हणालो. "लॉरेलला शिवणाच्या मंडळात सोडतो आणि इकडे येतो."

३

तेव्हा डेसला एक युक्ती सुचली, आणि ती आम्हां सर्वांना आवडली. त्याच्याकडे त्याच जातीचं, कारखान्यात बनलेलं काळं इंजिन होतं. लांबीला जरा आखूड, धुराडं वेगळं, पण काचेआड ठेवलं तर घटकाभर खपून जाईल. गुन्हेगार सापडेपर्यंत म्हाताऱ्याच्या जिवाला घोर नको.

"तो ओळखेल," रोवेना म्हणाली. "स्वतःचं पोर आहे ते त्याचं."

"लांबून दाखवू," डेस म्हणाला.

बुधवारी क्लेमची पांढरी होल्डन गाडी नेहमीप्रमाणे फाटकाशी लागली. फाटकाजवळचा हिरवा कचऱ्याचा डबा चेपून पार पापड झाला होता, त्याला वळसा घालून तो आला. त्या डब्याबद्दल मी नगरपालिकेच्या ट्रकवाल्याला दोनदा बोललो होतो आणि तो दोन्ही वेळा शपथेवर नाही म्हणाला होता.

क्लेम पंच्याहत्तरी ओलांडलेला, उंच, खांद्यात वाकलेला. आत आला, हॅट काढली, म्हणाला, "काय रे बेकर, पेस्टीचा वास कसा नाही आज?"

"भट्टीत आहेत अजून."

आम्ही तिघं कपाटासमोर भिंतीसारखे उभे होतो. क्लेमने हलकेच मला बाजूला केलं आणि काचेशी जाऊन उभा राहिला. अगदी नाक टेकेल एवढा जवळ. मान थोडी तिरकी करून तो बराच वेळ उभा होता. 

मग त्याने काचेवर बोटाने टकटक केलं आणि रोवेनाच्या दंडावर हात ठेवला.

"आभारी आहे, पोरी," तो हळूच म्हणाला. "कधी केलंस?"

"काय कधी केलं?"

"असू दे. नाही सांगायचं तर नको सांगूस." आणि तो रुळांच्या टेबलाकडे निघून गेला, जाताना एका खुर्चीला धडकला, तिला 'माफ कर हं बाई' म्हणाला. आम्ही हसलो. क्लेमचे विनोद असेच असतात.

तो फसला. मला इतकं हायसं वाटलं की मी पेस्ट्या जळायच्या आत भट्टीकडे धावलो. परत आलो तेव्हा डेस रोवेनाला कोपऱ्यात घेऊन उभा होता.

"तो स्वतः म्हणाला. आभारी आहे, कधी केलंस. म्हणजे तुमचं दोघांचं काहीतरी ठरलं होतं. तू रंग काढलास, त्याला सांगितलंस, आम्हाला नाही."

"मला काहीच माहीत नाही, डेस."

"शनिवारच्या सभेत तुझं नाव मंडळातून काढायचा ठराव मांडतोय."

रोवेना एरवी उसळली असती. त्या दिवशी तिने फक्त स्वतःच्या दंडाकडे बघितलं, जिथे क्लेमने हात ठेवला होता, आणि किल्ली टेबलावर ठेवून निघून गेली.

थियाबाई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. मला वाटलं होतं, त्यांनाही हायसं वाटलं असेल. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"विन्स," त्या मला म्हणाल्या, "आपल्या दोघांना आज क्लेमच्या गाडीतून जायचंय."

४

गुडघा दुखतोय अशी थियाबाईंनी सबब सांगितली. मी पेस्ट्यांची टोपली पोचवायला म्हणून बरोबर. आम्ही मागे, क्लेम चालवायला, शेजारी लॉरेल.

लॉरेल नॉस्के बोलकी म्हणून गावभर प्रसिद्ध. गाडी सुरू झाली तशी तीही सुरू झाली.

"अगं बाई, डावीकडून ती शाळेची बस निघतेय बघा, केवढी पोरं. आता गेली. हां, रस्ता कसा मोकळा झाला. ते समोर कोण, हॅनाफर्डची बायको ना, कुत्रं घेऊन अगदी मधून चाललीय, हिला कडेने चालायला काय होतं? हां, चढली कडेला. वळणावर या लोकांनी दगड टाकून ठेवलेत उजव्या हाताला, काय म्हणावं यांना."

"लॉरेल, जरा श्वास घे," मी म्हणालो.

"मला गप्प बसवत नाही रे," ती म्हणाली. तिचे डोळे रस्त्यावरून हलले नाहीत.

क्लेम सावकाश, झकास चालवत होता. त्यांचं घर गावाबाहेर, योंगालाच्या रस्त्याला. तिथे पोचलो, लॉरेलने चहा दिला, आणि आम्ही परत निघालो ते थियाबाईंच्या आग्रहाने चक्क पायी. दुखऱ्या गुडघ्याचं काय झालं, मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंना वाळकं गवत, तारेवर गुलाबी काकाकुव्यांची रांग.

बरंच चालल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा त्या गाडीत बसायची माझी हिंमत नाही."

"का? बरी चालवतो की."

"तो नाही चालवत, विन्स. ती चालवते."

मला काही बोध होईना. त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"इंजिनाचा रंग कोणी काढला ते मला आजच कपाटासमोर कळलं. आता प्रश्न वेगळा आहे. शनिवारच्या आत एका बाईचं नाव वाचवायचंय आणि एका माणसाची अब्रू. आणि त्याच्याही आधी रस्त्यावरच्या कोणाचा तरी जीव."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही क्लेमच्या शेडमध्ये गेलो. मला घेऊन जायची बाईंची इच्छा नव्हती, पण मी क्लेमचा सगळ्यात जुना मित्र, हटून बसलो. क्लेम बाकावर बसला होता, समोर रंगाच्या छोट्या डब्या ओळीने मांडलेल्या, सगळ्यांची झाकणं बंद.

"क्लेम," थियाबाई म्हणाल्या, "कपाटात काल तुझं इंजिन नव्हतं. डेसचं होतं."

त्याने एका डबीचं झाकण चाचपलं.

"आखूड आहे ते," बाई पुढे म्हणाल्या. "धुराडं वेगळं, रिव्हेट नावालासुद्धा नाहीत. तू नाक लावून उभा होतास आणि तुला कळलं नाही. ज्याने ते घडवलं त्याला न कळण्याचं एकच कारण असू शकतं."

"बोला," क्लेम म्हणाला.

"तुझ्या इंजिनाचे अवघड कोपरे लख्ख आहेत, कारण तिथला रंग बोटाला लागतो. सपाट पत्र्यावरचा पापुद्रा राहिला, कारण तो बोटाला लागत नाही, फक्त डोळ्याला दिसतो. दोन स्क्रू हाताला सारखे आहेत, रंगाने वेगळे. त्यांची अदलाबदल डोळस माणसाकडून झाली नसती, तुझ्यासारख्या माणसाकडून तर नाहीच. तू ते सगळं बोटांनी केलंस. हॉलच्या फाटकाजवळचा डबा तूच चेपलास. लॉरेल शिवणाला उतरली की पुढचं वळण तुझं एकट्याचं असतं."

मला आठवलं, तो खुर्चीला माफ कर म्हणाला होता. आम्ही हसलो होतो.

"कडेकडेचं दिसतं," क्लेम शेवटी म्हणाला. "मधोमध धूर. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तुझ्या कानाकडे बघितलं तर तुझं नाक दिसतं, विन्स, आणि ते काही फार बघण्यासारखं नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला. "ॲडलेडचा डॉक्टर म्हणाला, गाडी बंद. मी घरी सांगितलं, चष्मा बदलायला सांगितलाय. गाडी बंद म्हणजे हे घर बंद. लॉरेलला चालवता येत नाही. मुलगी ॲडलेडला बोलावतेय, तिच्या मागच्या खोलीत. तिथे मी काय करू? भिंतीला टेकून बसू?"

"आणि इंजिन?"

"रोवेना म्हणाली ते खरं होतं. जॅम. रंगवलं तेव्हापासूनच मला ते खटकत होतं, पण तिच्याआधी कोणी कधी बोललं नाही. सगळे आपले छान छान. म्हटलं, पुरतं जायच्या आत एकदा नीट रंगवू. कपाटं झाकलेली होती, घेऊन आलो. रंग काढणं जमलं. खरं सांगतो, विन्स, इतकं सुख मला कित्येक दिवसांत झालं नव्हतं. एकेक रिव्हेट बोटाखाली यायचा आणि मला आठवायचं, हा ठोकला तेव्हा बाहेर काय हवा होती." त्याने समोरच्या डब्यांवरून हात फिरवला. "मग रंगवायला बसलो. एका टाकाऊ पत्र्यावर आधी हात मारून बघितला, आणि मला कळेना की मी रंग मारलाय की नाही. बोट लावून बघावं लागलं. रोज बसायचो, झाकण उघडायचो, परत बंद करायचो. शेवटी तसंच नेऊन ठेवलं. कोणाला सांगणार होतो?"

"मग काल रोवेनाचे आभार?"

"काळं काहीतरी दिसलं कपाटात. वाटलं, तिने बघितलं, ओळखलं आणि गुपचूप रंगवून टाकलं. बरं वाटलं मला. या गावात निदान एका माणसाला कळलंय आणि ते गप्प आहे, असं वाटलं."

"त्याबद्दल तिला शनिवारी मंडळातून काढताहेत," थियाबाई म्हणाल्या.

क्लेमने मान वर केली. इतका वेळ तो खचलेला म्हातारा दिसत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर राग आला, आणि मला बरं वाटलं.

दारात कप वाजले. लॉरेल ट्रे घेऊन उभी होती, आणि बराच वेळ उभी असावी, कारण चहावर साय धरली होती.

"लॉरेल," क्लेम म्हणाला, "मी तुला सांगणारच होतो..."

"काय सांगणार होतास? मी रस्त्यावरची कुत्री, बस आणि दगड मोजत बसते ते काय मला हौस आहे म्हणून? घसा बसतो माझा. घरी येऊन मिठाच्या गुळण्या करते."

"मला वाटलं, तू आपली बोलतेस."

"आणि मला वाटलं, तुला कळलं की मला कळलंय तर तू मोडशील."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली, म्हणजे ती त्याच्या डोळ्यांकडे आणि तो तिच्या कानाच्या जरा बाजूला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. थियाबाईंनी मात्र हात पुढे केला.

"किल्ली, क्लेम."

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. घेतली बाईंनी नाही, लॉरेलने.

"ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "मी शिकते गाडी."

"या वयात?"

"इतके दिवस कोण चालवत होतं असं तुला वाटतं? फक्त पाय तेवढे तुझे होते."

६

शनिवारी डेसने ठराव वाचायला कागद उघडला, तोच क्लेम उठला. त्याने सगळं सांगितलं, शेडमध्ये सांगितलं तसंच, फक्त थोडक्यात.  शेवटी तो म्हणाला, "या पोरीने काही केलेलं नाही. तिने फक्त खरं सांगितलं, आणि ते तुम्ही कोणी मला सांगितलं नव्हतंत."

डेस लाल झाला. उभा राहून म्हणाला, "रोवेना ट्रेझाइज यांना झालेल्या गैरसोयीबद्दल मंडळ दिलगीर आहे."

"मंडळ नाही," रोवेना म्हणाली. "तू."

डेसने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. "मी दिलगीर आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज घोषणेसारखा नव्हता. मग त्याने तिची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

ती क्लेमकडे गेली. "उरलेला पापुद्रा मी काढते. रंग आपण दोघं मारू. माझ्या गॅरेजमध्ये."

"मला दिसत नाही, पोरी."

"मला दिसतं. पण ते इंजिन मी कधी बघितलेलं नाही. मी जन्मले तेव्हा ते भंगारात गेलं होतं. कसं दिसायचं ते तुम्ही सांगा."

पुढचे कितीतरी दिवस गॅरेजमध्ये तेच चाललं होतं. आमच्यातले जे रिकामे असायचे ते डबे उपडे टाकून बसायचे. रोवेनाने काळा रंग कालवला की क्लेम विचारायचा, "कसला काळा?"

"काळा म्हणजे काळा."

"नाही. काळं इंजिन कधी काळं नसतं. यन्टा स्टेशनात पहाटे पाणी भरायला थांबलो की त्यावर निळी झाक असायची. मॅनाहिलला दुपारी पोचेपर्यंत लाल मातीने तपकिरी. बॉयलरला तेलाचा हात फिरवला की पोटाखाली जांभळट. तू मला कुठलं देतेस?"

"तुम्हाला कुठलं हवं?"

तो विचार करायचा. "पहाटेचं," तो शेवटी म्हणाला. मग ती निळ्याचा थेंब घालायची आणि तपशील विचारायची, किती निळं, सुरीच्या पात्यासारखं की मॅगपाय पक्ष्याच्या पंखासारखं? तो उत्तर द्यायचा. त्यावर दोघं भांडायची. मधल्या वेळात ती लॉरेलला मेंढ्यांच्या रिकाम्या बाजारात नेऊन गाडी शिकवायची. क्लेम मागच्या सीटवर बसून गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि गिअर नेमका केव्हा बदलायचा ते सांगायचा. ते मात्र त्याचं कधी चुकलं नाही.

अस्तराचा हात झाला, वाळला. मग रंगाचा. रोवेनाच्या हातातली रंगाची बारीक पिचकारी सुईसारखी चालायची, आणि तिच्या फुसफुस आवाजावरून क्लेम सांगायचा की ती फार जवळ गेली. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं तेव्हा तिने इंजिन वाळायच्या पेटीतून काढून कापडावर ठेवलं. आम्ही सगळे जमलो होतो. डेस कॅमेरा घेऊन.

मी इतकं देखणं इंजिन आजवर बघितलेलं नाही. रिव्हेट न रिव्हेट दिसत होता, आणि काळ्यात ती झाक होती, जी बघायला गेलं की दिसायची नाही आणि नजर वळवली की दिसायची.

"कसं दिसतंय?" क्लेमने विचारलं.

"अप्रतिम," डेस म्हणाला.

"फारच सुरेख," मी म्हणालो. थियाबाई म्हणाल्या, छान. लॉरेलने डोळे पुसले.

क्लेम थांबला होता. "रोवेना?"

ती इंजिन दिव्याखाली फिरवत होती. बॉयलरच्या उजव्या अंगाशी तिचा हात थांबला. मीही वाकून बघितलं. एक केस होता, नाहीतर धुळीचा धागा, रंगाखाली अडकलेला, पापणीएवढा. कोणाच्याही लक्षात आला नसता. मी तिला नजरेने विनवलं. डेसने तर मान हलवून स्पष्ट खूण केली. परवा प्रदर्शन होतं, आणि म्हाताऱ्याला ते जन्मात कळणार नव्हतं.

"उजव्या बाजूला कचरा बसलाय," रोवेना म्हणाली. "पुन्हा काढायला लागेल. सगळा."

 क्लेमचे खांदे खाली आले. मला वाटलं, झालं, मोडला आता. पण तो हसत होता. मोकळं, आतून, शेडमध्ये ऐकलं नव्हतं तसं हसणं.

"मग काढ की," तो म्हणाला. "पाइनचं औषध आणलंयस का?"

त्या वर्षीच्या प्रदर्शनात मधलं कपाट रिकामं होतं. लोक विचारायचे, इथे काय होतं? क्लेम शेजारी खुर्ची टाकून बसला होता. तो सांगायचा, अजून वाळतंय.